वृद्ध खलाशांचे गाव

शेतकरी थकला म्हणजे नांगर मुलाच्या हाती देतो आणि स्वतः बांधावर बसून राखण करतो. शिक्षक निवृत्त झाला तरी त्याचे गाव आणि त्याचे विद्यार्थी त्याच्याजवळच राहतात. खलाशाच्या वाट्याला मात्र हे समाधान क्वचितच येते. ऐन उमेदीची तीस-चाळीस वर्षे जहाजावर काढून तो कायमचा किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा गावाची एक पिढी त्याच्या गैरहजेरीत वाढलेली असते आणि त्याचे व्यवसायबंधू जगाच्या पाठीवर विखुरलेले असतात. शिडाच्या जहाजांच्या काळात तर पुष्कळ खलाशांना परतण्यासाठी घरच नसे. अशा माणसांसाठी पाण्याच्या काठी स्वतंत्र वसाहती उभारण्याचे दोन मोठे प्रयोग पाश्चात्त्य देशांत झाले. पहिला इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या तीरावर ग्रीनिच येथे आणि दुसरा न्यूयॉर्कच्या बंदरात स्टॅटन आयलंड या बेटावर. दोन्ही वसाहती दीर्घकाळ भरभराटीस आल्या आणि दोन्ही अखेर रिकाम्या झाल्या. त्या का भरल्या व का ओस पडल्या, हे समजून घेणे गोमंतकासारख्या प्रदेशात विशेष अगत्याचे आहे. येथील कित्येक कुटुंबांची चूल पिढ्यान्‌पिढ्या जहाजावरील कमाईवर पेटत आली आहे.

ग्रीनिचचा राजवाडा

इंग्लंडचे राजे तिसरे विल्यम आणि राणी मेरी यांनी १६९४ मध्ये सनद देऊन ग्रीनिच येथे आरमारातील वृद्ध व अपंग नाविकांसाठी आश्रयस्थान स्थापन केले. नाव 'रॉयल हॉस्पिटल' असले तरी आजच्या अर्थाने ते रुग्णालय नव्हते; त्या काळी आश्रयगृहालाही हाच शब्द वापरीत. क्रिस्टोफर रेन या थोर वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केला आणि नदीसमोर अशा भव्य इमारती उभ्या राहिल्या की परदेशी प्रवासी त्यांना राजवाडाच समजत. १७०५ मध्ये पहिले निवृत्त नाविक तेथे राहावयास आले. १८१४ मध्ये, म्हणजे नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या अखेरीस, त्यांची संख्या २,७१० पर्यंत पोहोचली होती.

खर्चाची तरतूद मोठी बोलकी आहे. १६९६ पासून प्रत्येक खलाशाच्या मासिक वेतनातून सहा पेन्स कापले जात. ही कपात केवळ आरमारातील नाविकांपुरती नव्हती. व्यापारी जहाजांवरील खलाशांनाही ती द्यावी लागे. ग्रीनिचचे दार मात्र मुख्यतः आरमारातील माणसांसाठीच उघडे होते. पैसा सर्वांचा आणि निवारा काहींचा, ही विसंगती शतकाहून अधिक काळ चालली आणि १८३४ मध्ये ही कपात रद्द झाली.

नाविकांना निळा गणवेश, ठरलेले अन्न, औषधोपचार आणि तंबाखूसाठी किरकोळ पैसे मिळत. शिस्त जहाजावरचीच होती. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यास लाल बाह्यांचा पिवळा कोट घालून सर्वांसमोर वावरावे लागे. भोजनासाठी म्हणून रंगविलेले एक अतिभव्य दालन इतके सुंदर झाले की ते जेवणासाठी वापरणेच कोणास योग्य वाटेना. मग काही नाविक येणाऱ्या पाहुण्यांना ते दाखवून चार पैसे मिळवीत. त्या वसाहतीतील हा बहुधा सर्वांत आनंदाचा उद्योग असावा, कारण बाकीच्या वेळी करण्यासारखे काहीच नसे. विवाहित नाविकाला पत्नीला बरोबर ठेवता येत नसे. तिने बाहेर गावात खोली घेऊन राहावे आणि नवऱ्याने दिवसा भेटून यावे, अशी रीत होती.

१८६५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून या नाविकांपुढे एक पर्याय ठेवला. ज्याला ग्रीनिच सोडून आपल्या घरी किंवा नातलगांकडे राहावयाचे असेल, त्याला रोख निवृत्तिवेतन मिळावे, असा तो पर्याय होता. संगमरवरी खांब, फुकट जेवण आणि नदीचा देखावा हे सर्व सोडून बहुसंख्य नाविकांनी रोख निवृत्तिवेतन पत्करले. चार वर्षांत, १८६९ मध्ये, वसाहत बंद करण्यात आली. १८७३ पासून त्याच इमारतींत आरमाराचे महाविद्यालय भरू लागले.

एका मृत्युपत्राची कथा

अमेरिकेतील प्रयोग राजाने केला नाही. एका खासगी माणसाच्या मृत्युपत्रातून तो उभा राहिला. न्यूयॉर्कचे रॉबर्ट रिचर्ड रँडल हे एका सधन जहाजमालकाचे पुत्र होते. त्यांना मूलबाळ नव्हते. १८०१ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केले आणि मॅनहॅटन बेटावरील आपली सुमारे २१ एकरांची शेतजमीन वृद्ध, जर्जर व झिजून गेलेल्या खलाशांच्या आश्रयासाठी ठेवली. त्याच वर्षी ते वारले. उत्पन्न निदान पन्नास खलाशांना पोसण्याइतके झाल्यावर बांधकाम करावे, अशी व्यवहारी अट त्यांनी घातली होती. संस्थेचे नाव 'सेलर्स स्नग हार्बर' असावे, असेही लिहून ठेवले होते. वाऱ्यावादळापासून निवांत असे खलाशांचे बंदर, असा त्याचा अर्थ.

विश्वस्तांची नेमणूक त्यांनी ज्या रीतीने केली ती शासकीय व्यवहार जाणणाऱ्या वाचकांच्या ध्यानात येण्यासारखी आहे. त्यांनी माणसांची नावे दिली नाहीत, पदे दिली. न्यूयॉर्कचे महापौर, व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, नाविक मंडळाचे अध्यक्ष व उपाध्यक्ष, दोन प्रमुख चर्चचे ज्येष्ठ धर्मगुरू अशी ती यादी होती. माणूस बदलला तरी पद राहते, त्यामुळे न्यास कधी पोरका होऊ नये, हा हेतू. परंतु याच गोष्टीवर नातलगांनी बोट ठेवले. मृत्युसमयी अशी कोणतीही संस्था अस्तित्वात नव्हती, तेव्हा पदाधिकाऱ्यांना जमीन मिळूच शकत नाही, असा त्यांचा दावा होता. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८३० मध्ये न्यायालयाने न्यासाच्या बाजूने निर्णय दिला.

या तीन दशकांत न्यूयॉर्क शहर वाढत वाढत रँडल यांच्या शेतापर्यंत येऊन पोहोचले होते. जेथे गुरे चरत होती तेथे रस्ते आखले जात होते. विश्वस्तांनी विधिमंडळाची परवानगी घेऊन मृत्युपत्रातील जागा बदलली. मॅनहॅटनची जमीन न विकता भाडेपट्ट्याने दिली आणि १८३१ मध्ये स्टॅटन आयलंडवर स्वस्त व विस्तीर्ण जमीन विकत घेतली. जमीन विकली असती तर रक्कम एकदाच आली असती. भाडेपट्ट्यामुळे शहर जसे श्रीमंत होत गेले तसतसे वृद्ध खलाशांचे उत्पन्नही वाढत गेले. धर्मादाय संस्था चालविणाऱ्यांनी हा व्यवहार अवश्य अभ्यासावा.

वसाहतीचे दिवस

१८३३ च्या ऑगस्ट महिन्यात वसाहत सुरू झाली, तेव्हा तेथे जेमतेम चाळीस खलाशीही नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या सुमारे एक हजारावर गेली. ग्रीक मंदिरांसारख्या उंच खांबांच्या पाच इमारती ओळीने उभ्या होत्या आणि पावसापाण्यात भिजावे लागू नये म्हणून त्या एकमेकींना बंद मार्गांनी जोडलेल्या होत्या. समोर अरुंद खाडी. न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडे जाणारी जहाजे या खाडीतून जात, ती थेट खिडकीसमोरून. जहाजाचे नाव वाचता येण्याच्या आधीच त्याच्या शिडांच्या बांधणीवरून ते कोठल्या देशाचे, हे ओळखू शकणारी माणसे वसाहतीत डझनांनी होती. अशा माणसांना पाण्यापासून दूर, एखाद्या टेकडीमागे ठेवले असते, तर अन्नवस्त्र तेच मिळूनही त्यांचे दिवस निराळे गेले असते.

पुढे पुढे ही वसाहत जवळजवळ स्वयंपूर्ण गाव झाली. स्वतःची शेती, दुभती गुरे, भटारखाना, धुलाईघर, सुतारशाळा, ग्रंथालय, रुग्णालय, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी असे सर्व काही आवारात होते. १८९२ मध्ये नाट्यगृहही उभे राहिले. खलाशी कोणत्याही देशात जन्मलेला असो, अमेरिकी निशाणाच्या जहाजांवर ठरावीक काळ नोकरी केली असल्यास त्याला प्रवेश होता. त्यामुळे स्वीडिश, आयरिश, जर्मन, पोर्तुगीज अशी नाना देशांची माणसे एका पंक्तीला बसत. एकमेकांची जन्मभाषा येत नसली तरी जहाजावरची भाषा सर्वांना येत होती, आणि तीच या गावाची बोली होती.

हाताला काम नसले की म्हातारपण अंगावर येते. खलाशाला दोर, गाठी, सुई आणि चाकू यांची आयुष्यभराची सवय. स्नग हार्बरमधील अनेकांनी पाट्या विणण्याचा उद्योग धरला; कोणी चटया व झोळ्या करीत, कोणी ज्या जहाजावर आयुष्य काढले त्याची हुबेहूब लहान प्रतिकृती लाकडात घडवीत. या वस्तू विकून आलेला पैसा त्यांचा स्वतःचा असे. रक्कम क्षुल्लक असली तरी तिचे मोल मोठे होते, कारण बाकी सर्व काही दानाचे होते आणि एवढेच काय ते कमाईचे. न्यासाच्या तिजोरीत लाखोंचे भाडे जमा होत असताना एखादा सत्तर वर्षांचा वृद्ध विणलेल्या पाटीच्या किमतीसाठी घासाघीस का करतो, हे ज्यांना कळले नाही त्यांना वृद्धाश्रम चालविणे कठीणच जाईल.

या गावाची काळी बाजूही होती. आवारात दारूला सक्त मनाई होती, आणि फाटकाबाहेर गुत्ते होते. आवाराला लोखंडी कुंपण घालण्यात आले, त्यामागे हेही एक कारण होते. नियम मोडणाऱ्याला काही काळ बाहेर पडण्याची मनाई होई. वारंवार मोडणाऱ्याला गाव सोडावे लागे, आणि ज्याला जगात दुसरे घर नाही त्याच्या दृष्टीने ही शिक्षा फार मोठी होती. स्त्रियांना वसाहतीत रहिवासी म्हणून स्थान नव्हते. दप्तरात रहिवाशांचा उल्लेख 'इन्मेट' असा होई. तुरुंगातील कैद्यांसाठीही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. रहिवासी मात्र स्वतःला 'स्नग' म्हणवीत. कारभारात त्यांना मत नव्हते. अधीक्षकाला 'गव्हर्नर' म्हणत आणि त्याचा शब्द हाच कायदा. १८६७ पासून १८८४ पर्यंत हे पद टॉमस मेल्व्हिल यांच्याकडे होते. ते स्वतः जहाजाचे कप्तान होते. देवमाशाच्या शिकारीवरील 'मोबी डिक' या विख्यात कादंबरीचे लेखक हर्मन मेल्व्हिल हे त्यांचे वडील बंधू. कप्तानाच्या हाती गाव दिले म्हणजे गावाचे जहाज होते. शिस्त राहते, स्वच्छता राहते; परंतु जहाजाचा प्रवास कधीतरी संपतो म्हणून खलाशी ती शिस्त सोसतो, आणि येथील प्रवास मरेपर्यंतचा होता.

गाव ओस का पडले?

शिडाची जहाजे गेली, वाफेची आली. खलाशांच्या संघटना बळकट झाल्या, वेतने सुधारली. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि वृद्ध कामगाराच्या हाती दरमहा ठरलेली रक्कम येऊ लागली. पुढे खलाशी संघटनांच्या निवृत्तिवेतन योजना आल्या. आता माणूस म्हातारा झाला तरी लहानशी खोली भाड्याने घेऊ शकत होता, बहिणीच्या घरी चार पैसे टाकून सन्मानाने राहू शकत होता. ग्रीनिचमध्ये १८६५ साली जे एका कायद्याने घडले, तेच स्टॅटन आयलंडवर हळूहळू घडले. रहिवाशांची संख्या घटत गेली. हजार माणसांसाठी बांधलेल्या इमारती थोड्या माणसांसाठी तापवाव्या, दुरुस्त कराव्या लागत. १९५२ मध्ये वसाहतीतील मोठे चर्च पाडण्यात आले.

विश्वस्तांनी जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचे ठरविले. १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहराने ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी स्नग हार्बरच्या इमारतींना संरक्षण दिले. विश्वस्त न्यायालयात गेले. वृद्धांसाठी ठेवलेला पैसा जुने खांब सांभाळण्यात का खर्च व्हावा, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. अखेर शहराने ती मालमत्ता विकत घेतली. १९७६ मध्ये उरलेले खलाशी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील सी लेव्हल नावाच्या किनारी गावात बांधलेल्या नव्या निवासात गेले. तेथेही समोर पाणी होते, पण मोठ्या बंदराची वर्दळ नव्हती. कालांतराने न्यासाने तेही निवासस्थान सोडले. आज रँडल यांचा न्यास चालू आहे; मात्र तो गाव चालवीत नाही, गरजू वृद्ध खलाशांना ते जेथे राहतात तेथे साहाय्य देतो. जुन्या आवारात आता उद्यान, संग्रहालये व कलाकेंद्र आहे.

गोमंतकातील तारवटी

भारतीय खलाशांना या दोन्ही वसाहतींचा लाभ झाला असे म्हणता येत नाही. लंडनच्या गोदीजवळ १८५७ मध्ये आशियाई व आफ्रिकी खलाशांसाठी एक निवास उघडला, तो परतीचे जहाज मिळेपर्यंतचा तात्पुरता आसरा होता. आपल्याकडील खलाशाचे खरे आश्रयस्थान मुंबईत होते आणि ते त्याने स्वतः उभारले होते. धोबीतलाव व आसपासच्या भागांत गोमंतकातील गावोगावच्या लोकांनी 'कूड' स्थापन केले. कूड म्हणजे एकाच गावच्या मंडळींचे सामायिक बिऱ्हाड. अल्प शुल्कात अंथरुणापुरती जागा, आपली पेटी ठेवण्याची सोय, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि दारूबंदीचा नियम. स्नग हार्बरशी साम्य पुष्कळ. पण येथे गव्हर्नर नव्हता. कारभार सभासदांचाच, नियमही त्यांनीच केलेले. न्यायालयाच्या निकालाने किंवा राजाच्या सनदेने न उभारता कूड इतकी वर्षे टिकले, याचे कारण बहुधा येथेच आहे. मात्र कूड हे तरुण खलाशाचे, दोन जहाजांमधल्या काळाचे घर. म्हातारपणी तारवटी गावी परततो.

गावी त्याचे घर असते, चर्चचा किंवा देवळाचा उत्सव असतो, शेजार असतो. ग्रीनिचच्या नाविकाला जे मिळाले नाही ते त्याच्याजवळ आहे. उणीव असते ती नियमित उत्पन्नाची. १९६६ च्या खलाशी भविष्यनिर्वाह निधी कायद्याखाली जमा होणारी रक्कम निवृत्तीनंतर एकरकमी हाती येते आणि घराची दुरुस्ती, मुलीचे लग्न, जुने कर्ज यांत वर्षा-दोन वर्षांत संपते. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर कराराने जाणाऱ्यांचे उत्पन्न तर करार संपताच थांबते. म्हणूनच निवृत्त खलाशी व खलाशांच्या विधवा यांच्यासाठी गोवा शासनाच्या निवृत्तिवेतन योजनेचे महत्त्व रकमेपेक्षा अधिक आहे. ग्रीनिचचे नाविक ज्या कारणासाठी राजवाडा सोडून गेले, ते कारणच ही योजना काही अंशी घरपोच करते.

तरीही काही वृद्धांना निवासाची गरज राहणारच. मुले परदेशी स्थायिक झालेली, पत्नी वारलेली, घर मोठे आणि मनुष्य एकटा, अशी उदाहरणे किनाऱ्यावरील गावांत विरळ नाहीत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १९ मध्ये, प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे एक तरी वृद्धाश्रम असावे, अशी तरतूद आहे. त्याच कायद्यान्वये, ज्यांची मुले सांभाळीत नाहीत अशा आईवडिलांना चरितार्थाच्या रकमेसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी नाही अशा दर्जाचा अधिकारी त्याचा अध्यक्ष असतो. स्वतः अर्ज लिहिता येत नसल्यास अर्जदाराने नेमलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. गावातील शिक्षकांना येथे मोठे साहाय्य करता येण्यासारखे आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा जमीन नावावर करून दिली असेल आणि ती अट पाळली जात नसेल, तर ते हस्तांतर रद्द ठरविण्याची मागणी कलम २३ खाली करता येते.

वृद्धाश्रमांच्या व्यवस्थेविषयी बोलताना हा कायदा वैद्यकीय सोयींचा आणि मनोरंजनाच्या साधनांचा उल्लेख करतो. हाताच्या कामाचा उल्लेख त्यात नाही, रहिवाशांनी कारभारात भाग घेण्याचाही नाही. पण राज्य शासनाला व्यवस्थापनाची योजना ठरविण्याचा अधिकार त्याच कलमात दिलेला आहे. जाळी विणण्याची एखादी पडवी, रहिवाशांनी निवडलेली भोजनसमिती आणि पतिपत्नींना एकत्र राहता येईल अशा खोल्या यांना त्या योजनेत स्थान देण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.